मामांनी दिलेला शब्द

दोष मामांचा. पोराचा नाही आणि माझा तर मुळीच नाही. मी सात वर्षांची पांढरी मोटार. स्वतःचं दुखणं मी कधी लपवलं नाही, लपवलं ते माणसांनी.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी ठणठणीत होते. पहिला मालक डॉक्टर. जगाला पथ्यं सांगायचा, माझं ऑइल मात्र वेळेवर बदलायचा नाही. तेव्हापासून थंड असताना सुरू केलं, की माझं इंजिन डब्यात खिळे हलवल्यासारखं खडखडतं. तापलं की गप्प. कंटाळून त्याने मला जुन्या गाड्यांच्या एजंटला विकलं.

एजंट पोचलेला. गिऱ्हाईक येण्याआधी मला चांगली तापवून ठेवायचा.

पोरगा आयुष्यात पहिल्यांदाच गाडी घेत होता. कॉलेज सोडलेलं, पैसे स्वतः साठवलेले, एक तारखेपासून एका कंपनीच्या माणसांची ने-आण करायचं काम ठरलेलं. घरच्यांनी सोबत मामा दिले. मामांनी जन्मात गाडी चालवली नाही, पण मत प्रत्येक गाडीवर!

पोराने थेट माझ्या बॉनेटवर हात ठेवला. तिथेच मला तो आवडला.

"गरम आहे. उद्या सकाळी येतो. थंड असताना सुरू करून दाखवा, मग भावाचं बोलू."

एजंट मामांकडे वळला. "तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगणार? तुमच्या शब्दाखातर पंधरा हजार कमी."

"वीस!" मामा फुलले.

"मामा, आधी इंजिन..."

"गप रे! कॉलेज पुरं करता आलं नाही, निघाला गाडी पारखायला!"

"बरं, वीस. तुम्ही म्हणताय म्हणून."

मामांनी हात मिळवला. "दिला शब्द!"

पैसे पोराचे, शब्द मामांचा. तो मोडला असता तर पोराच्या आईला आपल्या भावाचे, म्हणजे मामांचे, टोमणे जन्मभर ऐकावे लागले असते. पोराने दात आवळून पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडखडले. अख्ख्या गल्लीने ऐकलं. मामा म्हणाले, "नव्या हाताला बुजतेय."

आता मी गॅरेजमध्ये आहे, बॉनेट उघडं, इंजिन बाहेर काढलेलं. तापलेल्या गाडीचा भाव करू नका. आणि ज्याचे पैसे आहेत, त्याला बोलू द्या.

पोराला दुरुस्तीचे सत्तर हजार पडले. एक तारीख उलटली, काम दुसऱ्याला गेलं.