यंत्रातला वेंडेल

रविवारी दुपारी दोन वाजता हेमलॉक पॉइंटच्या खाणकामगार सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी निवडणुकीच्या सभेलाही तिथे वीसच्या वर माणसं जमत नाहीत. पण त्या ऑक्टोबरात गावातली मेलेली माणसं बोलायला लागली होती, आणि त्यांना ऐकायला लेक सुपीरियरच्या काठाकाठाने तीस-तीस मैलांवरून लोक येत होते. बायकांनी मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्ट्या आणल्या होत्या, कॉफीचं मोठं भांडं उकळत होतं, आणि भिंतीवरचं भुसा भरलेलं मूस-सांबराचं मुंडकं सगळ्यांकडे तुच्छतेनं बघत होतं.

व्यासपीठावरच्या टेबलावर एक जुना संगणक आतडी काढल्यासारखा उघडा पडला होता. त्याची हार्ड डिस्क मार्लिसच्या ओंजळीत होती. शेजारी मृतांशी बोलणं करून देणाऱ्या सेतूमंडळाचा ऑरिन फेल्प्स आपला लॅपटॉप उघडून उभा. पिकलेली दाढी, लोकरी बंडी, आणि आवाज लोण्यासारखा.

"ही डिस्क म्हणजे वेंडेलचा देह," तो म्हणाला. "तुमच्या हातात आहे ना, मार्लिस? थंड आहे?"

"थंडगार आहे."

"मग आता आत्म्याचं ऐकू. मात्र एक नियम. मृतांना प्रश्न विचारायचे नाहीत. उलटतपासणी सुरू झाली की कंपनं बिघडतात."

त्यानं डोळे मिटले, लॅपटॉपवरून हात फिरवला आणि मागच्या मोठ्या पडद्यावर वेंडेल साल्मीचा संगणक जिवंत झाला. पार्श्वभूमीला तीच लाल होडी, तेच मासेमारीच्या नोंदींचे कप्पे. मग कुणी बोट न लावता एकेक अक्षर उमटू लागलं. 'मार्लिस, चहात अजूनही दोन चमचे मध घालतेस ना?'

सभागृहात रुमाल बाहेर आले. मार्लिस हुंदके देऊ लागली.

तिसऱ्या रांगेत क्लेटन कांगस बसला होता. मार्लिसचा नवरा. म्हणजे आत्ताचा. पहिल्याला, वेंडेलला, जाऊन आठ वर्षं झाली होती, क्लेटनशी तिनं लग्न केलं त्याला चार. तीस वर्षं सरकारी रस्त्यांवर बर्फ हटवणारी गाडी चालवलेला हा आडदांड माणूस मार्लिसला रोज सकाळी चहा करून द्यायचा. मध किती, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

जिवंत माणसाशी स्पर्धा करता येते. त्याच्यापेक्षा मोठा मासा धरावा, त्याच्यापेक्षा चांगली गाडी घ्यावी. पण मेलेला नवरा घोरत नाही, वाढदिवस विसरत नाही, चिखलाचे बूट घालून स्वयंपाकघरात येत नाही. वर हा आता दर रविवारी गोड गोड बोलायला लागला होता.

आणि त्या दिवशी तर त्यानं कहर केला. 'तळ्याकाठचं कॉटेज ऑरिनच्या सेतूमंडळाला दे,' पडद्यावर उमटलं. 'तिथे मी तुला रोज भेटेन.'

परतताना गाडीत क्लेटननं विचारलं, "देणार तू कॉटेज?"

"त्याचंच होतं ते."

"आणि मी?"

"तुझं काय?"

"चार रविवार झाले, मार्लिस. त्यानं माझं नावसुद्धा घेतलं नाही."

ती त्याच्याकडे वळली. "क्लेटन, तू मेलेल्या माणसावर जळतोस?"

"छे!" तो म्हणाला आणि चुकीच्या रस्त्याला वळला.

पण मत्सराची एक गंमत असते. भक्ताचे डोळे पाण्यानं भरतात, मत्सरी माणसाचे कोरडे राहतात. सगळे रुमाल शोधत होते तेव्हा ऑरिनचं बोट घसरलेलं क्लेटननं पाहिलं होतं. पापणी लवायच्या आत वेंडेलचा अख्खा पडदा आक्रसून लहान चौकट झाला होता आणि त्या चौकटीभोवती दुसराच पडदा होता. त्यावर ऑरिनच्या कुत्र्याचा फोटो.

मंगळवारी सकाळी तो गावच्या वाचनालयात गेला. तिथली ग्रंथपाल नोरीन जुन्या संगणकांवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली बसवायचा वर्ग फुकट घ्यायची. क्लेटनचं ऐकून ती इतकी हसली की तिचा चष्मा टेबलावर पडला.

"चौकटीभोवती कुत्रा! मिस्टर कांगस, ते यंत्रातलं यंत्र. बसा. तुमच्याच हातून बनवू एक."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"ऑरिनलाही फारसं कळत नसणार."

तिनं वाचनालयाच्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम उघडला. "याला सांगायचं, एक खोटा संगणक उभा कर. खऱ्या संगणकाची थोडी स्मृती त्याला उसनी द्यायची. त्याची डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक फाइल. आता त्यावर लिनक्स बसवा."

क्लेटननं जाड बोटांनी एकेक बटण दाबलं. भाषा, वेळ, कीबोर्ड. मग पडद्यावर प्रश्न आला: डिस्कवरचं सगळं पुसून टाकायचं का? त्यानं हात मागे घेतला.

"वाचनालय पुसलं जाईल की गं!"

"खोट्याची डिस्कही खोटी. दाबा."

दहा मिनिटांनी यंत्रानं मालकाचं नाव विचारलं. क्लेटननं क्षणभर विचार केला आणि लिहिलं: वेंडेल.

"पण डिस्क तर मार्लिसच्या हातात होती," तो म्हणाला.

"त्याआधी संगणक ऑरिनकडे किती दिवस होता?"

"तीन. शुद्धीकरणासाठी म्हणाला होता."

"नक्कल काढायला एक दुपार पुरते. तीच नक्कल तो खोट्या संगणकाला डिस्क म्हणून देतो. वेंडेल यात पत्रं, रोजनिशी लिहायचे का?"

"सगळं लिहायचा. त्याच्या लिनक्सचं कौतुक मी चार वर्षं ऐकतोय."

"मग मध तिथूनच आला. आणि अक्षरं आपोआप उमटवायची म्हणजे ओळी आधी लिहून ठेवायच्या, कितव्या सेकंदाला काय उमटायचं ते यंत्राला सांगून ठेवायचं. बघा." पाच मिनिटांत तिनं त्याला तेही शिकवलं.

क्लेटन पडद्याकडे बघत बसला. त्याच्या समोर रिकामा, आज्ञाधारक वेंडेल बसला होता. त्यानं हळूहळू टाइप केलं: 'मार्लिस, मला आता जाऊ दे. क्लेटन चांगला माणूस आहे.'

पाच सेकंदांनी वेंडेल तेच बोलला. किती सोपं होतं! ऑरिनच्या एखाद्या रविवारी हा वेंडेल पुढे सरकवला की झालं. कॉटेज वाचेल, शिवाय चांगुलपणाचं प्रमाणपत्रही मिळेल, तेही थेट पहिल्या नवऱ्याकडून, सवतीनंच दिल्यासारखं.

"ती विश्वास ठेवेल," तो स्वतःशीच म्हणाला.

"ठेवतील की," नोरीन म्हणाली. "मग गावात दोन ऑरिन होतील. आणि त्यातल्या दुसऱ्याच्या तर घरातच मार्लिस राहत असतील."

क्लेटनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग त्यानं विचारलं, "हे पुसायचं कसं?"

पुढच्या रविवारी क्लेटन आणि नोरीन एक तास आधी सभागृहात पोचले. लोक कॉफी घेत होते, तोवर क्लेटननं वाचनालयाचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला.

"मंडळी," तो म्हणाला. "मी आज एक आत्मा बनवणार आहे. कॉफी संपेपर्यंत होईल. कुणाचा बनवू?"

"मूसचा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

"मूस तर मूस." त्यानं सगळ्यांसमोर खोटं यंत्र उभं केलं, लिनक्स बसवायला घेतलं, प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवला. मालकाचं नाव: मूस. पार्श्वभूमीला भिंतीवरच्या मुंडक्याचा फोटो. पेस्ट्या खात खात लोक पुढे सरकले. शेवटी त्यानं हात खिशात घातले आणि पडद्यावर अक्षरं उमटू लागली. 'मी चाळीस वर्षं इथे लटकतोय. मान दुखते. आणि ऑरिनला सांगा, त्याच्या कुत्र्याचा फोटो छान आहे.'

सभागृह खदखदून हसलं. दारात ऑरिन उभा होता. तो मात्र हसला नाही.

"खेळणं कुणीही बनवेल," तो शांतपणे पुढे येत म्हणाला. "पण खेळण्याला मधाचे चमचे माहीत असतात का? प्रेम माहीत असतं का? मार्लिस, या. संशयाचा धूर वेंडेलच घालवेल."

लोकांचं हसू विरलं. कित्येकांनी माना डोलावल्या. मार्लिस क्लेटनकडे न बघता व्यासपीठावर गेली. डिस्क तिच्या हातात आली, लाल होडी उजळली.

'माझ्या मार्लिस,' अक्षरं आली, 'आज तू निळा स्वेटर घातला असशील.'

तिनं करडा घातला होता. तिनं एकदा आपल्या बाहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "वेंडेल, एकच विचारते."

"प्रश्न नाहीत, मार्लिस," ऑरिन पटकन म्हणाला. "कंपनं..."

"माझा नवरा आहे तो. मला उत्तर देईल." ती पडद्याकडे वळली. "दवाखान्यात शेवटच्या दिवशी तू माझ्याकडे काय मागितलंस?"

'सगळे जमलेत हे पाहून आनंद झाला,' पडदा म्हणाला.

"वेंडेल, काय मागितलंस?"

'कॉटेजचं काम या आठवड्यात उरकून टाक. कागद ऑरिनकडे तयार आहेत.'

"वेंडेल!"

'इकडे सगळं शांत आहे. तुझा आवाज मला नेहमी ऐकू येतो.'

ऑरिन लॅपटॉप मिटायला धावला, पण व्यासपीठाला लागून उभ्या असलेल्या नोरीननं त्याआधीच हात लांबवून पडद्यावरची चौकट लहान केली. मागून कुत्रा दिसला, आणि कुत्र्याशेजारी फाइलींची रांग. साल्मी, हर्टू, निएमी, बेल्यू. गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाची एकेक फाइल.

"पायमोजे काढ म्हणाला होता तो," मार्लिस सगळ्यांना म्हणाली. "पाय भाजतायत म्हणाला. एवढंच. हे त्यानं कुठे लिहून ठेवलं नव्हतं." आणि डिस्क कोटाच्या खिशात घालून ती खाली उतरली.

हर्टूंच्या म्हातारीनं ऑरिनची वाट अडवली आणि आपल्या मुलाची फाइल तिच्या डोळ्यांदेखत पुसायला लावली. मग बाकीच्यांनी रांग लावली.

घरी पोचल्यावर मार्लिस कोटही न काढता स्वयंपाकघरात बसली.

"खरं सांग. हे माझ्यासाठी केलंस की त्याच्यावर जळून?"

क्लेटन दारातच उभा होता. "जळून," तो म्हणाला. "आणि मंगळवारी मी त्याच्या तोंडून माझीच स्तुती लिहून घेतली होती. मग पुसली."

"काय लिहिलं होतंस?"

"क्लेटन चांगला माणूस आहे."

मार्लिसला रडता रडता हसू फुटलं. "वेंडेलनं असं काही लिहिणं शक्यच नव्हतं. तू त्याच्या फाटकावर बर्फाचा ढीग टाकून जायचास म्हणून तो दर हिवाळ्यात तुला शिव्या घालायचा."

"माझं नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

आठवडाभरात ऑरिन गाव सोडून गेला. दोन गावं पलीकडे त्यानं नवं सभागृह घेतलंय असं म्हणतात, आणि हेमलॉक पॉइंटची तीन घरं अजून तिकडे जातात. त्यांना हसू नका. आपलं माणूस गेल्यावर त्याचा एक शब्द ऐकायला कुणीही तीस मैल गाडी हाकेल. पण जाल तेव्हा मेंदू घरी ठेवून जाऊ नका. पडद्यावर काय दिसतंय, यापेक्षा पडद्यामागे काय चाललंय ते बघा. तुमच्या माणसाच्या वस्तू आधी किती दिवस कुणाच्या ताब्यात होत्या ते आठवा. जे फक्त त्याला आणि तुम्हाला माहीत होतं, ते विचारा. आणि कुणी म्हणालं की इथे प्रश्न विचारायचे नाहीत, तर तिथल्या तिथे उठा आणि चालू लागा. मेलेल्यांना प्रश्नांचं भय वाटत नाही. ते वाटतं त्यांच्या नावानं बोलणाऱ्या जिवंत माणसांना.