चेस्टरचं छत

"छत गेलं," उज्ज्वल म्हणाला.

नंदाने पोळी लाटता लाटता वर पाहिलं. सिंगापुरातल्या बुकित पंजांगच्या त्या फ्लॅटमध्ये वरच्यांचं न्हाणीघर मागेही एकदा गळलं होतं. "कुठे ओल आली?"

"आपलं नाही. चेस्टरचं."

त्याने फोन पुढे धरला. जमिनीवर पांढऱ्या प्लास्टरचा ढीग, त्यात अर्धा द्राक्षांचा घड, भिंतीला टेकवलेला झाडू. नंदाने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसली.

चेस्टर म्हणजे इंग्लंडातलं जुनं शहर. रोमन काळापासूनची तटबंदी, लाल दगडाचं कॅथेड्रल, वेशीवरचं घड्याळ, दुकानांच्या डोक्यावर पुन्हा दुकानं असलेल्या काळ्या-पांढऱ्या इमारती. उज्ज्वल गायकवाडने यातलं काहीही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तिकडून जुन्या घरांचे स्कॅन यायचे आणि तोआ पायोहच्या ऑफिसात बसून तो त्या घरांचे दुरुस्तीचे नकाशे काढायचा. दीड वर्ष हेच. तटावर कुठून चढायचं विचारा, गडी डोळे मिटून सांगेल. जावयाने सासुरवाडीचं करू नये इतकं कौतुक तो त्या गावाचं करायचा.

आणि छत त्यानेच शोधलेलं. एका व्यापाऱ्याच्या जुन्या घरात खोल्यांना पन्नासेक वर्षांपूर्वी छताखालून फळ्या ठोकलेल्या. सगळ्यात वरच्या खोलीत फळ्यांमागे हातभर पोकळी निघते, हे त्याला इथे बसून कळलं. भोक पाडून कॅमेरा घालायला लावला, तर मूळ छतावर चारशे वर्षांपूर्वी प्लास्टरमध्ये घडवलेल्या द्राक्षवेली. त्या दिवशी त्याने ऑफिसात पेढे वाटले होते.

ठरलं होतं की खालच्या खोलीचं छत उतरवायचं, वरच्याला हात लावायचा नाही. इथेच माशी शिंकली. सिंगापुरात जमिनीवरचा मजला तो पहिला. इंग्लंडात आपल्यासारखंच, आधी तळमजला, मग पहिला. लहानपणापासून नागपुरात तळमजला म्हणत आलेल्या या माणसाने सिंगापूरच्या बारा वर्षांच्या सवयीने लिहिलं, 'दुसरा मजला: छत उतरवा. तिसरा: हात लावू नये.' तिकडचे मजूर एक जिना जास्त चढले आणि पहारीने फळ्यांसकट सगळं खाली आणलं. त्यांच्या मोजणीने त्या घराला तिसरा मजलाच नव्हता.

"लिम काय म्हणतो?" नंदाने विचारलं. लिम म्हणजे त्याचा साहेब.

"उद्या सकाळी लेखी हवंय, चूक कोणाची. वर म्हणाला, वरुण तर गेलाच आहे."

वरुण त्याच्या शेजारच्या टेबलावरचा. मे महिन्यात नोकरी सोडून पुण्याला गेला. दर रविवारी यांच्याकडे जेवायचा, आणि अजून काम शोधत होता.

नंदाने फोन उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "लिहा मग वरुणचं."

"नंदा."

"मला पंचशील शिकवू नका. खोटं बोलू नये हे मलाही पाठ आहे. पण नोकरी गेली की इथे राहायचा पास गेला, आणि पास गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळा. या वयात तुम्हाला कोण घेणार? तो पोरगा एकटा जीव आहे, निभावून नेईल."

"तो नोकरी शोधतोय गं. हे पत्र त्याच्या मागे लागलं तर त्याला कुणी दारात उभं करणार नाही."

"आणि आपल्याला करतील?"

जान्हवी आतून कधी आली होती कोण जाणे. दहावीसारखी तिची ओ-लेव्हल परीक्षा चार महिन्यांवर होती. "पप्पा, वी गोइंग बॅक आह? देन माय ओ-लेव्हल्स हाऊ?"

उज्ज्वलला रडू आलं, आणि आपण नक्की पोरीसाठी रडतोय की त्या द्राक्षांसाठी, हेही त्याला कळेना. त्याची त्याला फार लाज वाटली.

सकाळी त्याने लिमच्या टेबलावर कागद ठेवला. चार ओळी होत्या. चूक माझी, मजले मी मोजले.

लिमने दोनदा वाचलं. "मी तुला वाट दाखवली होती."

"हो."

"महिनाअखेरपर्यंतच, मग."

"अजून एकवीस नकाशे आहेत. सगळ्यांवर मजले असेच मोजलेत मी. दुरुस्त करून जातो."

"दुसरं कोणी करेल."

"कोण?"

लिमने कागद खणात ठेवला. "कर. पण यापुढे एकाही नकाशावर तुझं नाव नको. तिकडच्यांना ते आता चालणार नाही."

पाच दिवस लागले. प्रत्येक घर उघडायचं, पडद्यावर बोट ठेवून खालपासून मोजायचं, तेही मोठ्याने आणि मराठीत. तळमजला. पहिला. दुसरा. शेजारचे लोक आधी बघायचे, मग बघेनासे झाले. एकविसावा नकाशा शुक्रवारी दुपारी संपला. त्याने तो पुन्हा एकदा तपासला, कोपऱ्यातली स्वतःची आद्याक्षरं पुसली आणि चेस्टरला पाठवून दिला.