साक्रीत राहिलेला टाळ

या मित्रांनो, जवळ सरका. नीट मांडी घालून बसा, मी देवाच्या दारातला आहे. एका गाणाऱ्या पोराची गोष्ट सांगतो.

मी एक जुना टाळ आहे. काशाचा. कासाराने एकाच रसातून आम्हा दोघा भावांना ओतलं आणि एका दोरीत ओवलं. भडगावच्या बाजारातून टाळकरी अभिमन आबांनी आम्हाला साक्रीला आणलं. सप्ताहात आबा कीर्तनकारामागे उभे राहत. आम्ही भाऊ एकमेकांना भेटलो की मांडवभर नाद फिरायचा, माणसं आपोआप डोळे मिटायची. काय दिवस होते ते!

हायवेवर एक पंजाबी ढाबा होता. ढाबेवाल्याचा मुलगा सुखचैन कीर्तनाला येऊन बसायचा. त्याने आवाज लावला की बुवासुद्धा थांबून ऐकत. आबांनीच त्याला आमच्यावर ठेका धरायला शिकवलं. तो पंजाबात नशीब काढायला निघाला, तेव्हा आबांनी आमची दोरी सोडली आणि माझा भाऊ त्याच्या हातात ठेवला.

"हाऊ तुन्हाकडे ठेव. दुसरा मन्हाकडे शे. परत येशी तवय जोडी वाजाडसूत."

नाव झालं हो त्याचं! ट्रकवाले त्याचीच गाणी लावून ढाब्यावर उतरायचे. मग तो सिनेमात हिरो झाला. आबांची सून द्रौपदाबाई हिने मोबाइलवर त्याचा पहिला सिनेमा लावला, तर त्याच्या गळ्यात माझा भाऊ! आबांनी टाळ्या पिटल्या. पुढच्या सिनेमात मात्र गळ्यात सोन्याची साखळी होती. आबांनी मोबाइल परत दिला. मी खुंटीवरच. एकटा टाळ वाजणार तरी कशावर?

वर्षं गेली. सुखचैनचा घसा बिघडला, ऑपरेशन झालं आणि देवाने दिलेला तो आवाज गेला. सिनेमे मिळेनासे झाले, फोन थांबले. गेल्या माघात तो परत आला, हातात टाळ घेऊन. आबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते.

"ऊना का रे हिरो! पंजाबनं तूप सरनं का?"

सुखचैनने आम्हाला एका दोरीत ओवलं. पहिल्याच ठोक्याला मला कळलं, हा माझा भाऊ नव्हे. नाद जुळेना, नुसता थरथरत राहिला. आबांनाही कळलं. तरी ते म्हणाले, "वाजाड, पोरा."

ठेका थांबला आणि सुखचैन रडू लागला. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आबा, तो शूटिंगमा कोठे राही गया, माले समजनंच नही. हाऊ बाजारमाथीन लया."

"माले माहीत शे रे. टाळ गया ते गया. तू ते ऊना ना?"

पंधरवड्यात आबा गेले. त्यांच्या तिरडीमागून सुखचैन टाळ धरून चालला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी त्या परक्या टाळावर आपटत राहिलो.

मित्रांनो, एका रसातली जोडी कधी फोडू नका. आणि कुठे जुन्या सामानात एकटा टाळ दिसलाच, तर त्याला पुसून हलकेच टिचकी मारा. सांगा त्याला, तुझा भाऊ साक्रीत आहे. मग अभिमन आबांचीही एकदा आठवण काढा. आमची दोरी त्यांनी सोडली, ती मायेपोटीच.