साठ नंबरचा लाल

रंगारणीला सहसा किळस यायची नाही. तिचा जन्म कुबट वासात गेला होता. भिजत पडलेली लोकर, आंबलेलं पाणी, उकळत्या हंड्यांची वाफ, सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण त्या सोमवारी सकाळी नवऱ्याचा हसरा चेहरा बघून तिला किळस आली.

नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. जगातली कुठलीही वस्तू चार स्क्रू पिळले की सुधारते अशी त्याची श्रद्धा होती. रंगशाळेतला कॉम्प्युटर गोगलगायीसारखा चालतो म्हणून रविवारी त्यानं जुनी सिस्टीम पुसून टाकली आणि नवी घातली. बायकोला विचारायची गरज त्याला वाटली नाही. फायली डिस्कच्या वेगळ्या भागात होत्या, त्यामुळे पुसण्यात त्या गेल्या नव्हत्या.

"तुझ्या फायलींना मी बोटसुद्धा लावलेलं नाही," तो म्हणाला.

आणि ते खरं होतं. पडद्यावर एकशे चौऱ्याऐंशी फायलींची नावं ओळीनं उभी होती, सगळी हिरव्या अक्षरांत. वीटकरी होता, शेवाळी होता, कवडी पांढरा होता. तिनं 'साठ, नाट्यगृह लाल' वर टिचकी मारली. परवानगी नाही. दुसरी उघडून बघितली, तिसरी बघितली. तिच्याच फायली, तिचाच कॉम्प्युटर, आणि तिलाच परवानगी नाही!

साठ नंबरच तिला आत्ता हवा होता. आठ वर्षांपूर्वी सासऱ्यांनी आणि तिनं मिळून नाट्यगृहाचा मखमली पडदा रंगवला होता. यंदा छत गळलं आणि पडद्याचे दोन पट्टे कुजले. व्यवस्थापकांनी कोरी मखमल आणून दिली होती आणि तीन आठवड्यांत नाट्यगृह पुन्हा उघडणार होतं. अख्खा पडदा उतरवून रंगवायला वेळ नव्हता. नवे दोन पट्टे जुन्या अठरांत मिसळून गेले पाहिजेत, एवढंच काम. कृती हाताशी असती तर चार दिवसांचं.

कॉम्प्युटरवाले काका येऊन बसले, चष्मा पुसला, पंधरा मिनिटं खटखट केली. मग त्यांनी समजावलं. फायलींना कुलूप रंगारणीनं स्वतःच लावलं होतं, सहा वर्षांपूर्वी, एका चौकटीत खूण करून. त्या कुलपाची किल्ली जुन्या सिस्टीमच्या पोटात होती. सिस्टीम पुसली तेव्हा किल्लीही पुसली गेली. नव्या सिस्टीमला तेच नाव दिलं, तोच पासवर्ड दिला, तरी तिच्या लेखी ही बाई परकी.

"किल्लीची प्रत काढून ठेवा, असा निरोप कोपऱ्यात येत असेल ना?" काकांनी विचारलं.

येत होता. कधी सकाळी, कधी दुपारी, पिवळा चौकोन. आणि प्रत्येक वेळी तिनं तो माशी हाकलावी तसा हाकलला होता. कारण नवऱ्यानं बजावून ठेवलं होतं की कोपऱ्यात जे काही उगवतं ते चोरांचं असतं, त्याला हात लावायचा नाही. आता नवरा दाराशी उभा राहून छताकडे बघत होता. तिला त्याचा रागही येईना. राग यायलासुद्धा समोरच्या माणसाबद्दल थोडा आदर लागतो.

कागदाची वही? वही होती. सासऱ्यांची, चाळीस वर्षांच्या डागांनी कडक झालेली. प्रत्येक रंगाची मात्रा, पाण्याची उष्णता, उकळीची मिनिटं, तुरटी आधी की नंतर, सगळं तिच्यात होतं. ती कुठं गेली ते रंगारणीला पक्कं माहीत होतं. तिनंच ती मोठ्या हंड्याखाली घातली होती.

त्याआधी धाकटी जाऊ याच रंगशाळेत काम करायची. एके दिवशी वहीच्या पानावर ओल्या अंगठ्याचा ठसा सापडला. रंगारणीनं तिला तोंडावर चोर म्हटलं. पुढच्याच महिन्यात जाऊबाई वेगळ्या झाल्या, नदीपलीकडे त्यांनी स्वतःची रंगशाळा थाटली, आणि वर्षाच्या आत त्यांच्या दुकानाच्या काचेत वीटकरी रंगाची लोकर झळकली. हुबेहूब सासऱ्यांचा वीटकरी. मग काय, रंगारणीनं रात्रीचा दिवस करून सगळी वही कॉम्प्युटरवर उतरवली, कुलूप ठोकलं आणि वही जाळली. सासरे तोवर गेले होते, नाहीतर त्यांनी हात धरला असता. चोरायला आता काही उरलं नाही, याचा तिला केवढा आनंद झाला होता! त्या आनंदाची आठवण झाली की आता तिला किळस यायची.

दहा दिवस ती आठवून आठवून रंग काढत राहिली. पाच रंगपुड्या नक्की आठवत होत्या, सहावीची शंका होती, मात्रा मात्र एकीचीही सांगता येत नव्हती. नऊ तुकडे काढले. नववा उन्हात धरला तर जुन्या मखमलीशी असा जुळला की डोळे भरून आले. ती तो घेऊन नाट्यगृहात गेली. व्यवस्थापकांनी रंगमंचावरचे दिवे लावले आणि तिच्या देखत तो तुकडा शिळ्या कलेजीसारखा तपकिरी पडला. जुना पडदा शेजारी लालबुंद उभा होता. पुडी चुकली की असंच होतं. ऊन फसवतं, दिवा फसवत नाही. सासरे हे रोज सांगायचे.

"असा पट्टा लावला तर लोक नाटक सोडून तोच बघत बसतील," व्यवस्थापक म्हणाले. माणूस सभ्य होता, आवाज न चढवता म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

आता एकच वाट उरली होती. जिनं वहीतल्या कृती चोरल्या तिच्याकडे त्यांची नक्कल असणार. अडला हरी, असं स्वतःशी पुटपुटत रंगारीण दुसऱ्या दिवशी जुन्या पडद्याच्या मखमलीचा तुकडा मुठीत धरून पूल ओलांडून गेली. वाटेत तिनं काय काय ठरवलं होतं. झालं गेलं विसरू म्हणायचं. चोरीचा विषय काढायचा नाही. एका पानाची नक्कल मागायची आणि उंबऱ्यातूनच परत फिरायचं. सहा वर्षांत पहिल्यांदाच जाऊ चोर आहे या विचारानं तिला धीर आला होता.

जाऊ हंड्यावर वाकून लोकर हलवत होती. केस पिकले होते, हात कोपरापर्यंत निळे. तिनं ऐकून घेतलं. काठी थांबवली नाही.

"माझ्याकडे नाहीये, ताई."

"हे बघ, मी भांडायला आलेली नाही. साठ नंबर तेवढा दे."

"नाहीये म्हणजे नाहीच. वही मी एकदा उघडली, पाणी किती तापवायचं ते बघायला. मामंजी म्हणाले होते, सगळी उतरवून घे. मी म्हटलं, ताई देतील तेव्हा घेईन."

काचेकडे बोट करत रंगारणीनं विचारलं, मग हा वीटकरी?

जाऊनं एका हातानं काठी फिरवत दुसऱ्या हातानं शेजारच्या कोनाड्यातली एक जाड फाईल काढून तिच्यापुढं ठेवली. पानोपानी लोकरीचे तुकडे टाचलेले, प्रत्येकाखाली तारीख, मात्रा आणि एकच शब्द: चुकला. चुकला. चुकला. शेवटच्या पानावर काहीच शब्द नव्हता, फक्त वीटकरी तुकडा होता.

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणे. इथं चोर मुळात नव्हताच. कुलूप लावलं ते कुणासाठी, वही जाळली ती कुणापासून वाचवायला? हे सगळं कळत असताना रंगारणीच्या पोटातून जे वर आलं ती लाज नव्हती, पश्चात्तापही नव्हता. ती चीड होती, समोरच्या बाईच्या खरेपणाची. आणि आपल्याला हीच चीड यावी, याची तिला अशी शिसारी आली की तिनं हंड्याची कड धरली.

"चोरली असतीस तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

जाऊनं पहिल्यांदा काठी थांबवली. मग निळे हात फडक्याला पुसून तिनं रंगारणीच्या मुठीतला मखमलीचा तुकडा काढून घेतला आणि दिव्याखाली धरला.

"तुकडा ठेवून जा, ताई. वीटकरीला मला सात महिने लागले होते."

नाट्यगृह उघडायला अकरा दिवस उरले होते.