दोन दारांच्या मधे

वाघरीला दार नसतं.

पांढरी माशी सुईच्या अग्राएवढी. वाऱ्याबरोबर येते.

एका ट्रेला एकशेचार भोकं.

शेपूट भाईर ऱ्हायलंय काय?

दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं.

आता नीट सांगायचं, तर मंगल कवठे महांकाळच्या माळावर रोपवाटिका चालवते. नवरा मल्हार असताना दोघं चालवत होती. मार्चपासून ती एकटी. मे निम्मा सरला तशी तिनं नव्या हंगामाची तयारी काढली. शेडनेटची जाळी पुसली, फाटलं तिथं दाभणानं शिवलं, जुने ट्रे ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून उन्हात घातले. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, विटा टपात भिजून फुगल्या, त्या हातानं मोकळ्या केल्या. उंब्रजच्या जयराजला मिरचीची वीस हजार रोपं हवी होती. त्यानं फोनवर आडून विचारलंही, की वहिनी, एकटीला जमेल का? जमेल, म्हणाली. ही खेप साधली तर रोपवाटिका राहणार होती. बिघडली तर शेडनेटचा सांगाडा उपसून भंगारात घालायला दीर टपलेलाच होता.

शेडनेटला दोन दारं. मधे एक माणूस उभा राहील एवढी चिंचोळी जागा. बाहेरचं दार आधी लावायचं, मगच आतलं उघडायचं. दोन्ही एकदम उघडी राहिली तर पांढरी माशी शिरते आणि पानं चुरडतात. आतल्या दाराची कडी आतून. नियम मंगलचा, आणि तो मोडायचा मल्हारनं. मेंढरांमागं वाढलेला माणूस. रात्री कळपाभोवती जाळीची वाघर लावायची, सकाळी उचलायची, एवढंच त्याच्या हाताला ठाऊक. बाहेरचं दार सताड टाकून तो आत यायचा. शेपूट भाईर ऱ्हायलंय काय, असं मंगल चारचौघांत विचारायची आणि तोही मागं वळून शेपूट बघितल्यासारखं करायचा.

पहिल्या दिवशी चाळीस ट्रे. नखाएवढा खळगा, एक बी, वर चिमूटभर कोकोपीट. भरलेले ट्रे एकावर एक रचून काळ्या कागदाखाली झाकायचे. बारा वीसला आतल्या दारावर टकटक झाली. तीनदा, बोटाच्या सांध्यानं.

जाळीतून बघितलं. मधे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साठ ट्रे. टकटक. वारा तर पडलेला.

तिसऱ्या दिवशी उरलेले सगळे. टकटक झाली तेव्हा तिच्या हातातलं बी सांडलं. एका भोकात तीन, पुढची सहा रिकामी, आणि ते तिला ट्रे झाकताना कळलं. बाहेर लिंबाखाली तिची सासू हरणाबाई लोकर पिंजत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मंगल, दार कोण वाजिवतंय गं?"

"वारं असंल, आत्या."

"वाऱ्याला बोटं असत्यात व्हय?"

मार्चात याच वेळी अशीच टकटक झाली होती. मंगल आत ढोबळीच्या रोपांवर वाकलेली. मान न वळवता तिनं ओरडून सांगितलं होतं, "आवं, आदी भाईरचं दार लावा. मग कडी काढते." पुढं काही आवाज आला नाही. रुसून गेले असतील, असं समजून ती काम करत राहिली. पाऊण तासानं कडी काढली तर मल्हार दाराला टेकून बसलेला होता, तसाच आत कलंडला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मयतीला आलेली माणसं म्हणाली, त्याला कळलंसुद्धा नसेल. आपण काय ओरडलो ते मंगलनं कुणाला सांगितलं नाही. सासूलाही नाही.

चौथ्या दिवशी टकटक. पाचव्या दिवशी ती शेडनेटकडं फिरकली नाही, तर टकटक घरात, चुलीपाशी ऐकू आली.

सहाव्या दिवशी जाणं भाग होतं. मोड फुटले की कागद काढावाच लागतो. एक दिवस उशीर, की रोप सुतासारखं लांबतं आणि पडतं. शेजारच्या टोमॅटोवर पांढरी माशी मावत नव्हती. निघताना हरणाबाई म्हणाली, "मेंढरू अडलं तर वाघर उचलायची, बाई. मागचं लावलंस का, असं त्येला इचारायचं न्हाई."

मंगल थबकली. म्हातारी लोकर पिंजतच होती.

कागद काढला. वाकडे, पांढुरके मोड, टोकावर बियांची टोपी. हजारो. ती त्यांच्याकडं बघत राहिली आणि बारा वीसला टकटक झाली.

तिनं कडी काढली. मधल्या जागेत गेली, बाहेरचंही दार ढकलून सताड उघडलं. मग बाजूला सरून जाळीला पाठ लावून उभी राहिली.

"या," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या उघडं."

उन्हाची झळ आत शिरली. काळा कागद फडफडला आणि ट्रेंवरून काहीतरी पार दुसऱ्या टोकापर्यंत गेलं, मेंढरांच्या अंगाचा वास आला, गेला. ती कितीतरी वेळ तशीच उभी होती. संध्याकाळी माश्या धरायला टांगलेल्या पिवळ्या चिकट कागदावर अकरा पांढऱ्या माश्या होत्या. तिनं जयराजला फोन करून खरं ते सांगितलं, की दोन्ही दारं उघडी राहिली, रोपं बघून घ्या, नको वाटली तर सोडा. तो म्हणाला, येऊन बघतो. त्यानंतर टकटक झाली नाही. त्या न होण्याकडं कान लावून ती रोज बारा वीसला हातातलं काम थांबवते.

मार्चातल्या त्या दुपारी मल्हारनं बाहेरचं दार आधीच नीट लावलेलं होतं.