औषध दिलेली बॅट

कुलूप बुधवारी भर दुपारी आईच्या कारखान्यात आला, तेव्हाच काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, ओळखलं की हा काहीतरी मागायला आलाय. द्यायला येणारा माणूस दारातूनच हाक मारतो, मागायला येणारा आधी हवापाण्याचं बोलतो.

"उकडतंय फार," तो म्हणाला.

"उन्हाळ्यात उकडतं. पुढे बोल."

कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत दुरुस्तीला आलेल्या बॅटी भिंतीला टेकून रांगेत, प्रत्येकीच्या मुठीला चिठ्ठी. मागच्या खोलीत लाकूड दाबायचं यंत्र, शिकंजा, रंधे, कानशी आणि जवसाच्या तेलाचा डबा. काकूंचं वाचणं त्या चिठ्ठ्यांपुरतं. पण बॅटीवरचे चेंडूचे डाग त्या असे वाचत की खेळणाऱ्याने पळून जावं. पूर्वीच्या बॅटींवर सगळे डाग पोटावर, एका पट्ट्यात, शाळेत रांगेत बसवल्यासारखे. हल्लीच्या बॅटींवर डाग खांद्याला, कडांना, कुठेही. एकदा तर एका पोराच्या बॅटीच्या पाठीवर डाग दिसला. काकू म्हणाल्या, "उलटी धरली होतीस की काय?" पोरगा म्हणाला, "हो, मुद्दाम."

मैदानावरची लहानथोर सगळीच त्यांना काकू म्हणत, आणि त्यांच्या मुलाला कुलूप. खेळायचा तेव्हा त्याला बाद करणं म्हणजे किल्ली हरवलेलं कुलूप उघडणं, म्हणून ते नाव. आता तो सत्तेचाळीसचा होता आणि मुलामुलींना फलंदाजी शिकवत होता. शिष्य तोंडावर सर म्हणत, पाठीमागे कुलूप. त्याला दोन्ही माहीत होतं आणि दुसरंच जास्त आवडायचं.

त्याने टॉवेलात गुंडाळलेली बॅट टेबलावर ठेवली. "हिला औषध द्यायचंय, आई."

औषध हा त्या धंद्यातला शब्द. एखादं पोर सांगून ऐकत नसलं, वाकडी बॅट उचलत असलं, की शिकवणारे त्याची बॅट गुपचूप काकूंकडे पाठवत. काकू रोग बघून लाकूड काढत. कुठून आणि किती ते त्यांना ठाऊक. महिनाभरात पोराची खोड जाई आणि पोराला वाटे, आपण सुधारलो.

"कुणाची बॅट?"

"पळीची."

पळी म्हणजे त्याची मुलगी, काकूंची एकुलती नात. वय सोळा. वेगात येणारा चेंडू ती एका गुडघ्यावर बसून, बॅट तिरकी पसरून, कीपरच्या डोक्यावरून मागे सोडायची. भांड्यातलं पळीने उपसून फेकावं तसा. मैत्रिणींनी नाव ठेवलं आणि तिने ते पदवीसारखं मिरवलं.

"रविवारी निवड समितीचे लोक सामना बघायला येताहेत," कुलूप म्हणाला. "मागच्या सामन्यात एकतीसवर होती. काही गरज नसताना तो फटका मारला आणि बाद झाली. लोक म्हणाले, कुलपाच्या घरात चोर निपजला."

"तुझ्या तोंडावर?"

"तोंडावर कोण म्हणतं? मला ऐकू आलं."

"पोरीला सांग मग."

"तीन महिने सांगतोय. मान डोलावते आणि मारते. कडांचं लाकूड काढ, खांद्यामागून काढ, तळाला राहू दे. बॅट तळाशी जड झाली की आडवी फिरणार नाही. आपोआप सरळ खेळेल. एकदा निवड होऊ दे, मग तिला नवी करून दे."

"आपोआप," काकू म्हणाल्या.

"मला कुणी औषध दिलं नव्हतं. सतराव्या वर्षी हुक सोडला तो मनाने सोडला. डोक्यावर येणारा आखूड चेंडू बघायचा आणि खाली वाकायचं, बस. आताच्या पोरांना मनच नाही, नुसती घाई आहे. म्हणून लाकडाकडून करून घ्यायचं."

हे भाषण काकूंनी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यातल्या श्वासाच्या जागाही त्यांना पाठ होत्या. त्यांनी तेलाच्या डब्याचं झाकण लावलं. ते आधीच लागलेलं होतं.

"शुक्रवारी नेतो," म्हणून तो गेला.

काकूंनी बॅट शिकंज्यात धरली आणि खिडकीच्या उजेडाकडे वळवली. पोटावर नेहमीचे डाग होते, बापाने शिकवलेले. त्यांच्या जरा वर, पेल्याच्या बुडाएवढ्या जागेत, दुसरे डाग होते. एकावर एक पडून तिथे लाकूड गुळगुळीत झालं होतं. मस्तीने मारलेले चेंडू असे एका जागी लागत नाहीत. मस्तीच्या बॅटी काकूंनी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या गोवर उठल्यासारख्या दिसतात.

त्यांनी छोटा रंधा उचलला, पातं अंगठ्याने तपासलं आणि परत खाली ठेवला.

तीस वर्षांपूर्वी याच शिकंज्यात कुलपाची बॅट होती. तेव्हा तो कुलूप नव्हता. आखूड चेंडू आला की मागच्या पायावर गर्रकन फिरून असा फेकायचा की मैदानाबाहेरच्या गॅरेजच्या पत्र्यावर वाजायचा. गॅरेजवाला शिव्या द्यायचा आणि पुढचा वाजायची वाट बघत दारात उभा राहायचा. कधीकधी पोरगा त्यातच झेल देऊन बाद व्हायचा. बापाला ते खपत नसे. काकूंच्या नवऱ्याचा हिशेब सरळ होता: जमिनीवरून गेला तो फटका, हवेतून गेला तो अपघात. तो म्हणाला, याला औषध द्या. त्याची नजर तोवर अधू झाली होती, म्हणून रंधा काकूंनी धरला. ते त्यांचं पहिलं औषध.

दोन्ही कडांचे दोन दोन पापुद्रे, खांद्यामागून एक. कागदासारखे निघाले, मध्ये कुठे तुटले नाहीत. वरून घासलं, तेल दिलं, कुणाला संशय येऊ नये अशी चकाकी आणली. नवऱ्याने बॅट हातात तोलली आणि म्हणाला, "हात बसला तुझा." उभ्या जन्मात त्याने केलेलं कौतुक तेवढंच. पुढे तो गेला आणि कारखाना काकूंनी चालवला तो त्या तीन शब्दांवर.

त्या महिन्यात पोरगा तीनदा सीमारेषेवर झेल देऊन आला. चेंडू पत्र्यापर्यंत जाईच ना. चौथ्या सामन्यात तो आखूड चेंडूखाली वाकला. घरी येऊन म्हणाला, हुक सोडला. बापाने पाठ थोपटली आणि काकूंनी पान वाढलं. पुढे अठरा वर्षं तो गावाच्या संघात उभा राहिला. दिवसभर टिकायचा, चाळीस करायचा. वरच्या संघाने एकदाही बोलावलं नाही. तिथले म्हणत, हा बाद होत नाही हे खरं, पण करतो काय?

काकूंना याची खंत वाटायची असं नाही. काम चोख झालं होतं. फक्त त्याचं ते मनाने सोडल्याचं भाषण सुरू झालं की त्या उठून काहीतरी आवरायला घेत.

गुरुवारी सरावानंतर पळी आली. अंगभर धूळ, हातात अर्धा खाल्लेला पाव.

"आजी, बाबा म्हणाले बॅटीचा सांधा हललाय. मला तर नाही जाणवला."

"बघतेय. ती बघ, ती कच्ची बॅट घे. तुझा तो फटका मला करून दाखव."

"इथे? काहीतरी फुटेल."

"फुटलं तर माझं फुटेल. तू कर."

पळीने पाव टेबलावर ठेवला, हात झटकले, लाकडाच्या फळ्यांमधल्या वाटेत उभी राहिली. मग बसली. एक गुडघा जमिनीला, बॅट पुढे तिरकी, चेंडू येतोय अशा जागी डोळे. काकूंनी हात बघितले नाहीत, पाय बघितले नाहीत. त्यांनी डोकं बघितलं. मान जागची हलली नव्हती. नजर बॅटीला चेंडू लागायच्या जागेवर होती आणि लागून गेल्यावरही क्षणभर तिथेच राहिली. ही मान काकूंनी अठरा वर्षं पाहिली होती, दुसऱ्या धडावर.

"डोकं कुणी शिकवलं?"

"बाबांनी. डोक्यावर वही ठेवून उभं करायचे. पडली की मैदानाला एक फेरी."

"आणि बसायचं?"

"ते माझं मी. मागच्या भिंतीवर ओला टेनिसचा चेंडू टाकते, उसळून येतो तो मारते. रोज दोनशे. फाइन लेगचा माणूस जवळ उभा असला की त्याच्या मागे सगळं रान मोकळं असतं, आजी. मोकळं दिसत असून तिकडे मारायचं नाही, हे मला कळत नाही."

"बाबाला दोनशेचं सांगितलंस?"

"त्यांना वाटतं मी मस्ती करते. सांगितलं तर म्हणतील, दोनशे वेळा मस्ती केलीस." तिने पाव उचलून फुंकला. "रविवारी बॅट मिळेल ना? दुसरीने मला जमायचं नाही."

"मिळेल."

"जशी आहे तशी?"

काकूंनी तिच्याकडे बघितलं. पोरीला काही माहीत नव्हतं. सहज विचारलं होतं. "पाव खा आधी," काकू म्हणाल्या. "भुसा बसलाय त्यावर."

शुक्रवारी कुलूप आला. बॅट टेबलावर होती. त्याने उचलली, हवेत एकदा फिरवली आणि थांबला. त्याच्या मनगटाला लगेच कळलं.

"तू हात लावला नाहीस."

"नाही लावला."

"वेळ नव्हता तर तसं सांगायचं. मी दुसरीकडे नेली असती."

"बस."

"बसत नाही. नेट लावायचं आहे."

"उभा राहून ऐक मग. तुझा हुक तू सोडला नाहीस. मी काढला."

त्याला समजायला वेळ लागला. काकूंनी मदत केली नाही. सांगायचं ठरवलं होतं तेवढंच सांगितलं: कोणती बॅट, कोणता महिना, कुणी सांगितलं, कुणी केलं. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. दुरुस्तीचं काम समजावताना बोलत तशाच बोलल्या.

"खोटं," तो म्हणाला.

"तीनदा सीमारेषेवर झेल गेला ना? त्याच्या आदल्या महिन्यात तोच चेंडू पत्र्यावर जात होता. तुझा दंड महिन्यात बारीक झाला नव्हता."

तो टेबलाच्या कडेला टेकला. बराच वेळ त्याने बॅटीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"किती काढलंस?"

"कडांचे दोन दोन. खांद्यामागून एक."

"खांद्यामागून पण?"

"अर्धवट औषध मी देत नाही."

"आणि इतकी वर्षं मी पोरांना सांगतोय," तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "तू समोर बसून ऐकत होतीस."

"ऐकत होते."

"आज का सांगितलंस?"

"तू तिला तेच द्यायला निघालास म्हणून. तिच्या बॅटीवरचा तो वरचा डाग बघ. रोज दोनशे मारते ती. तू तिचं डोकं बसवलंस, ते अजून जागेवर आहे. आता हे तासायचं असेल तर रंधा तिथे आहे. मी धरणार नाही."

"आणि माझ्या वेळी धरलास ते बरोबर होतं?"

काकूंनी विचार केला. नवरा समोर असता तर हो म्हणाल्या असत्या. "तू बाद कमी झालास," त्या म्हणाल्या. "बाकीचं मला माहीत नाही. न केलेल्या धावा बॅटीवर दिसत नाहीत."

तो रंध्याकडे गेला नाही. बॅट टॉवेलात गुंडाळायलाही विसरला, तशीच उघडी काखेत मारून बाहेर पडला. काकूंनी टॉवेलाची घडी घातली आणि दुपारी तीन बॅटींच्या मुठी बदलल्या. एकीचा दोरा दोनदा गुंडाळावा लागला.

शनिवारी तो आला नाही, फोनही नाही. सुनेने निरोप दिला की रविवारी सकाळी गाडी दारात थांबेल. गाडी थांबली. काकू मागे बसल्या. कुलूप गाडी चालवत होता, पळी शेजारी बॅट मांडीवर घेऊन बसली होती. तीच बॅट होती, कडांना जाड.

मैदानावर काकू त्याच्या बाकावर बसल्या, दोघांमध्ये पाण्याच्या बाटल्या. निवड समितीचे तिघे समोर तंबूत होते. पळी तिसऱ्या नंबरावर आली. पहिले दहा चेंडू बापाने शिकवल्यासारखे खेळली. अकराव्याला फाइन लेगचा माणूस जवळ आला. कुलपाने तो पळीच्या आधी हेरला. त्याचा हलणारा बूट थांबला. चेंडू आला, पळी बसली, आणि चेंडू कीपरच्या डोक्यावरून टप्पा घेत सीमारेषेपार गेला. तंबूतल्या एकाने काहीतरी लिहिलं.

"लवकर बसली," कुलूप म्हणाला.

काकूंनी ऐकलं.

पुढे तिने तोच फटका आणखी दोनदा मारला. चव्वेचाळीसवर चौथ्यांदा मारायला गेली तेव्हा समोरच्या कप्तानाने तो माणूस हळूच मागे सीमारेषेवर पाठवलेला होता. चेंडू सरळ त्याच्या हातात गेला. पळी परत आली, बाकासमोर गवतात बसली आणि खाली मान घालून पॅडचे पट्टे सोडू लागली. पट्टे एरवी तिला एवढा वेळ खात नाहीत.

कुलूप तिच्यासमोर उकिडवा बसला. "फाइन लेग मागे गेला होता."

"दिसला नाही."

"गोलंदाज वळायच्या आधी एकदा मागे बघायचं. रोज दोनशे मारतेस ना? प्रत्येकाच्या आधी मागे बघ. त्याची सवय लागते, बाकीची लागलीच आहे."

पळीने मान वर केली. दोनशेचं त्याला कुणी सांगितलं ते तिने विचारलं नाही, एकदा आजीकडे बघितलं.

यादी आठ दिवसांनी लागणार होती. सामना संपला, पळी मैत्रिणींबरोबर पुढे गेली. कुलपाने सामान उचललं आणि गाडीकडे निघाला. शुक्रवारपासून त्याने आईला आई म्हणून हाक मारली नव्हती, आताही मारली नाही. गाडीपाशी पोचल्यावर मात्र त्याने मागचं दार उघडलं आणि ते धरून, दुसरीकडे बघत, उभा राहिला.

काकूंनी आधी पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या. मग उठल्या. त्यांनीही घाई केली नाही.