पट्ट्याचं सातवं भोक

मी कमरेचा पट्टा बोलतोय. हसू नका. माणसाची पँट सांभाळणं ही लहानसहान जबाबदारी नव्हे.

१९७२ साली वर्ध्याच्या एका कारागिरानं मला जाड कातड्यातून कापलं आणि पाच भोकं पाडली. माझे मालक प्रभाकरराव तेव्हा एसटीत कंडक्टर होते. दिवसभर उभ्यानं तिकिटं फाडायचे. मी दुसऱ्या भोकात निवांत असे.

मग त्यांना बढती मिळाली. देवळीच्या बसस्टँडवर खुर्ची आली आणि खुर्चीसमोर चहाची टपरी. तीन चमचे साखरेचा चहा, सोबत आलुबोंडे. मी सरकत सरकत पाचव्या भोकात गेलो. पुढची दोन भोकं मालकांनी घरीच खिळा तापवून पाडली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही!

वडनेरला मेव्हणीच्या लग्नात त्यांनी जिलब्यांची पैज लावली. बावीस खाल्ल्या, हात धुवायला उठले आणि जोरात शिंकले. माझं बक्कल उडालं ते थेट नवरदेवाच्या मामाच्या वरणात! पँट खाली घसरली. दोन्ही हात पाकानं चिकट, धरणार कशानं?

सगळा मांडव हसला. फक्त त्यांचे थोरले भाऊ डोमाजी हसले नाहीत. मधुमेहात जखम चिघळून त्यांच्या पायाची दोन बोटं कापावी लागली होती.

"परभ्या, माह्यंही पोट असंच सुटलतं," ते म्हणाले. "आपल्या बापालेही साखर होती. उद्याच दवाखान्यात जाजो."

डॉक्टरांनी रक्त तपासलं. "अजून मधुमेह नाही, पण काठावर आहात. घरात रोग, पोट पुढे, दिवसभर बैठक. वजन उतरवा, रोज चाला."

मालकांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला. गोड सोडलं आणि भजी धरली. वर सकाळी कारल्याचा रस! मी मात्र सातव्या भोकातच, तसूभर सैल झालो नाही.

एकदा बायकोसमोर ते ऐटीत उभे राहिले. "पाह्य शोभे, सहाव्या भोकात आलो!"

"मंग आता श्वास सोडा," शोभाबाई म्हणाल्या.

त्यांनी सोडला. नवं बक्कल करकरलं.

"अवो, गोड सोडून तेलात पोहून राह्यले, तं पोट कसं उतरन? तुमचे पाय कापलेले मले नाई पाह्यचे."

दुसऱ्या दिवसापासून ताटात भाजी दुप्पट, भाकर मोजकी, भजी बंद. संध्याकाळी दोघं पायी निघत. पहिल्या दिवशी रस्त्यात जो तो विचारी, "साहेब, बस बंद पडली का?" तिसऱ्या दिवशी मालक गुपचूप एका बैलबंडीत चढले. शोभाबाईंनी भर रस्त्यात त्यांना खाली उतरवलं. बैलांनाही हायसं वाटलं असावं.

दीड वर्षानं, १९८४ साली, मी तिसऱ्या भोकात आलो. रक्त ठीक निघालं. "चालणं सोडू नका, आणि दरवर्षी तपासा," डॉक्टरांनी बजावलं.

इतक्या वर्षांच्या ओढाताणीनं मी लांबलो होतो, त्यामुळे माझं टोक आता शेपटीसारखं लोंबू लागलं. मालकांनी नवा, आखूड पट्टा घेतला. हल्ली मी गादीची वळकटी बांधायच्या कामी येतो.

वाचकहो, तुमचा पट्टा आवळू लागला तर त्याला नवं भोक पाडू नका. चार पावलं चाला, रक्त तपासून घ्या. त्यात एखाद्या पट्ट्याची नोकरी गेली तर खुशाल जाऊ द्या. ती बेकारी फार गोड असते, आणि तेवढं गोड डॉक्टरांनाही चालतं.